संत जोसेफचा सण १९ मार्च २०२७, शुक्रवार, उपवासकाळात: नोव्हेना, मिरवणूक, जेवण कसं बसवायचं?

वसई_समिती:

नमस्कार मंडळी. आमच्या धर्मग्रामाचं चर्च संत जोसेफच्या नावाचं आहे आणि २०२७च्या सणाची समिती आत्ताच बसली आहे. अडचण तारखेची आहे. १९ मार्च शुक्रवारी येतो, उपवासकाळाच्या (ईस्टरआधीचे सुमारे चाळीस दिवस) पाचव्या आठवड्यात, आणि २१ला लगेच झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा रविवार).

समितीत चार मतं आहेत. काही म्हणतात सण रविवारी १४ मार्चला घ्या, नोकरदारांना सोयीचं. काही म्हणतात सरळ १ मेला न्या, महाराष्ट्र दिनाची सुट्टी आहे. शुक्रवार म्हटल्यावर मटणाचं जेवण चालेल का, यावरून वाद वेगळाच. गायनवृंद विचारतोय की गौरवगीत (ग्लोरिया, उपवासकाळात एरवी म्हणत नाहीत) म्हणायचं का. नोव्हेनाच्या (सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या) नऊही दिवशी संत जोसेफचीच मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) व्हावी अशी ज्येष्ठांची इच्छा आहे. प्रमुख धर्मगुरूंशी बैठक पुढच्या आठवड्यात आहे, त्याआधी नियम नीट समजून घ्यायचे आहेत. जाणकारांनी सांगावं.

दिनदर्शिका:

आधी दिवसाचा दर्जा समजून घ्या, निम्मे वाद तिथेच मिटतात.

१९६९मध्ये पोप सहावे पॉल यांनी उपासना-वर्षाचे नवे नियम लागू केले. त्यात दिवसांची उतरंड आहे: महोत्सव, सण, स्मरणदिन (बंधनकारक आणि ऐच्छिक), आणि साधा वार. १९ मार्च हा जगभरच महोत्सव. शिवाय चर्च ज्या संताच्या नावाचं, त्या संताचा दिवस त्या चर्चपुरता महोत्सवच असतो, मग इतरत्र त्याचा दर्जा काहीही असो. म्हणजे तुमच्याकडे दुहेरी कारण आहे.

उपवासकाळातला साधा वार महोत्सवापुढे मागे सरतो. म्हणून १९ मार्च २०२७ला संत जोसेफचीच मिस्सा होणार, जांभळं नाही तर पांढरं मिस्सावस्त्र.

उपवासकाळातला रविवार मात्र महोत्सवाच्याही वर आहे. आगमनकाळ (नाताळआधीचे आठवडे) आणि पुनरुत्थानकाळ (ईस्टरपासूनचे पन्नास दिवस) यांचे रविवारही तसेच. त्यामुळे १४ मार्च, उपवासकाळाचा पाचवा रविवार, मिळणार नाही. २१चा तर प्रश्नच नाही. आणखी एक फसगत लक्षात ठेवा: "शनिवारी २०ला संध्याकाळी सणाची मिस्सा ठेवू" असं कोणी म्हणेल. शनिवार संध्याकाळची मिस्सा ही रविवारची असते, त्या दिवशी झावळ्यांच्या रविवारची. तीही वेळ गेली.

रविवारी सण नेण्याची मुभा आहे, पण ती सामान्य काळातल्या, म्हणजे अशा खास काळांबाहेरच्या, रविवारांपुरती. उदाहरण घ्या: १३ जून २०२७ला, संत अंतोनच्या दिवशी, सामान्य काळातला रविवार आहे. संत अंतोनच्या नावाच्या चर्चमध्ये त्या दिवशी रविवार मागे सरेल आणि संत अंतोनचा महोत्सव होईल. शेजारच्या दुसऱ्या संताच्या चर्चमध्ये मात्र त्या वर्षी संत अंतोनचं स्मरण उपासनेत येणारच नाही, कारण तिथे तो फक्त स्मरणदिन. संत तोच, तारीख तीच, पण चर्चच्या नावामुळे निकाल उलटा. तुमचा संत नेमका मार्चात येतो, म्हणून ही वाट बंद.

पुढच्या वर्षाचंही आत्ताच टिपून ठेवा. २०२८मध्ये १९ मार्च हा उपवासकाळाचा तिसरा रविवार आहे, तेव्हा महोत्सव सोमवारी २० मार्चला सरकेल. आणि ज्या वर्षी १९ मार्च पवित्र सप्ताहात (ईस्टरआधीच्या आठवड्यात) येतो, त्या वर्षी तो पुढे न जाता मागे येतो, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या शनिवारी. २००८मध्ये तसंच १५ मार्चला झालं होतं. कॅलेंडर छापणारे इथे हमखास चुकतात, म्हणून हॉल आरक्षित करण्याआधी धर्मप्रांताची उपासना-दिनदर्शिका बघा.

मटणाचं उत्तर सोपं आहे. कॅनन १२५१ (चर्चच्या कायद्यातलं कलम) म्हणतो की शुक्रवारचा मांसत्याग पाळायचा, मात्र त्या शुक्रवारी महोत्सव आला तर नाही. १९ला मटण बिनघोर शिजवा. १२ मार्चचा शुक्रवार मात्र नोव्हेनातला असला तरी उपवासकाळातला साधा शुक्रवार आहे. त्या संध्याकाळी स्वयंसेवकांना नाश्ता देणार असाल तर मांस नको.

साक्रिस्ती:

दिनदर्शिका यांनी चौकट दिली आहेच, मी वेदीजवळच्या गोष्टी सांगतो. गोंधळ तिथेच जास्त होतो.

उपवासकाळात वेदीवर फुलं नसतात आणि वाद्यं फक्त गाण्याला आधार म्हणून वाजतात. महोत्सव त्याला अपवाद आहे. म्हणून १९ला फुलं चालतात, ऑर्गन मोकळेपणाने वाजू शकतो. पण ही मुभा त्या दिवसापुरतीच. फुलं १८च्या संध्याकाळी लावा, कारण महोत्सव आदल्या संध्याप्रार्थनेपासून सुरू होतो, आणि १९च्या रात्री शेवटची मिस्सा झाल्यावर काढा. "शनिवारी सकाळी बघू" म्हटलं की ती रविवारपर्यंत राहतात, आणि झावळ्यांच्या रविवारी लाल वस्त्रातल्या धर्मगुरूंमागे पांढऱ्या निशिगंधाच्या माळा दिसतात. फुलं काढायला चार जणांची नावं आधीच लिहून ठेवा.

गौरवगीत म्हणायचं, विश्वासांगीकारही म्हणायचा. आलेलुया (देवाच्या स्तुतीचा आनंदघोष) मात्र नाही. महोत्सव असला तरी उपवासकाळात आलेलुया येत नाही, राखेच्या बुधवारपासून (उपवासकाळाचा पहिला दिवस) ईस्टरच्या जागरणापर्यंत. शुभवर्तमानाआधी उपवासकाळातला जयघोष घ्या. गायनवृंदाने फक्त तेवढंच बघून भागणार नाही. सणाच्या जुन्या गीतांच्या धृपदात, शेवटच्या कडव्यात आलेलुया लपलेलं असतं. प्रवेशगीतापासून निरोपगीतापर्यंत सगळ्या ओळी फेब्रुवारीतच वाचून काढा. आयत्या वेळी ओळ गाळली की चाल तुटते.

वाचनं ठरलेली आहेत: २ शमुवेल ७, स्तोत्र ८९, रोमकरांस पत्र ४, आणि शुभवर्तमान मत्तय १ किंवा लूक २ (मंदिरात हरवलेला बाळ येशू). दोन्हींपैकी कोणतं, ते प्रवचन देणाऱ्या धर्मगुरूंना आधी विचारा, नाहीतर पुस्तिकेत एक आणि वाचनमंचावर दुसरं असं होतं. संत जोसेफची स्वतःची प्रस्तावना (कृतज्ञता-प्रार्थनेच्या सुरुवातीचा भाग) आहे, म्हणून चौथी कृतज्ञता-प्रार्थना (मिस्सेतल्या मुख्य प्रार्थनेच्या पर्यायांपैकी एक) त्या दिवशी घेता येत नाही, तिला तिची स्वतःची प्रस्तावना जोडलेलीच आहे. बाहेरून पाहुणे धर्मगुरू येणार असतील तर मिस्साग्रंथात खुणेची फीत योग्य पानावर लावून ठेवा.

आता मूर्तीवरच्या पडद्याचं. पाचव्या रविवारपासून, म्हणजे १४ मार्चपासून, काही ठिकाणी क्रूस आणि मूर्ती जांभळ्या कापडाने झाकतात. तुमच्याकडे ही प्रथा असेल तर संत जोसेफची मूर्ती १४ला झाकू नका. नोव्हेनाचे लोक रोज तिच्यासमोर येणार आणि समोर कापड. बाकीच्या झाका, ही १९नंतर झाका.

कम्युनियनचा (मिस्सेत वाटल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीचा) हिशेब: एक वाटप करणारा मिनिटाला १२ ते १५ जणांना देतो. १२०० लोक असतील तर आठ जण लागतील, प्रत्येकाकडे १५०, म्हणजे दहा ते साडेबारा मिनिटं. चारच जण ठेवले तर पंचवीस मिनिटांपर्यंत जाईल आणि मांडवाच्या मागच्या रांगा विस्कटतील. मांडवाबाहेरच्या लोकांसाठी दोन जागा वेगळ्या ठेवा आणि त्या छत्री किंवा झेंड्याने दाखवा.

वसई_समिती:

दोघांचेही आभार, बैठकीत हे सगळं मांडतो. १ मेचं आणि नोव्हेनाच्या मिस्सेचं राहिलं. शिवाय आमच्या नोव्हेना-पुस्तिका जुन्या आहेत, नव्या छापायच्या आहेत, त्यात काय बदलायचं? आणि संत जोसेफचा अवशेष मिळवून तो मिरवणुकीत न्यावा असा एक प्रस्ताव आला आहे.

दिनदर्शिका:

नोव्हेना १० ते १८ मार्च, बरोबर नऊ दिवस. ११ला सुरू केली तर नववा दिवस सणावरच येतो, ही चूक दरवर्षी कुठेतरी होते.

त्या नऊ दिवसांत मिस्सा दिवसाचीच होईल, जांभळ्या वस्त्रात. उपवासकाळाच्या वारांना संताची ऐच्छिक मिस्सा घेता येत नाही; महागुरूंनी (बिशपांनी) खास कारणासाठी सांगितलं तरच. १४ला तर रविवारची मिस्सा. ज्येष्ठांना वाईट वाटू नये म्हणून असं करा: मिस्सेनंतर सर्वांनी संत जोसेफच्या मूर्तीकडे जायचं आणि नोव्हेना तिथे म्हणायची. मिस्सेच्या मध्ये, प्रवचनानंतर, ती घुसवू नका. पंधरा मिनिटं पुरतात: गीत, नोव्हेनाची प्रार्थना, लितानी (संताच्या जयघोषांची मालिका), आशीर्वाद. १२ मार्चला शुक्रवारची क्रूसाची वाटही (येशूच्या दुःखसहनाच्या टप्प्यांची प्रार्थना) असेल. तेव्हा क्रूसाची वाट मिस्सेआधी आणि नोव्हेना मिस्सेनंतर, दोन्ही एकामागोमाग नकोत. १९ला क्रूसाची वाट सकाळीच आटोपा.

ज्यांना उपवासकाळातच संत जोसेफची भक्ती मन लावून करायची आहे, त्यांच्यासाठी सात रविवारांची जुनी भक्ती आहे. सणाआधीचे सात रविवार, दर रविवारी त्यांचं एक दुःख आणि एक आनंद. २०२७मध्ये ते ३१ जानेवारी, ७, १४, २१, २८ फेब्रुवारी, ७ आणि १४ मार्च. ही वैयक्तिक किंवा कुटुंबातली प्रार्थना आहे, मिस्सेशी तिचा झगडा नाही. इजिप्तकडे पळून जाणं, मंदिरात बाळ हरवणं, हे उपवासकाळाच्या चिंतनाशी इतकं जुळतं की मी नोव्हेनापेक्षाही हिचा आग्रह धरेन.

१ मे हा "कामकरी संत जोसेफ" यांचा दिवस, पोप बारावे पायस यांनी १९५५मध्ये सुरू केला. आज तो ऐच्छिक स्मरणदिन आहे. ज्या चर्चचं नावच "कामकरी संत जोसेफ" आहे, त्यांचा महोत्सव तो. तुमचं नाव नुसतं "संत जोसेफ" असेल तर तुमचा दिवस १९ मार्चच, तो तिकडे सरकत नाही. पण उपासना जागेवर ठेवून मेळावा, मुलांचे कार्यक्रम, सामुदायिक जेवण १ मेला नेण्यात काहीच गैर नाही. तेव्हा पुनरुत्थानकाळ असतो, आलेलुया, फुलं, बँड सगळं मोकळं. फक्त २०२७मध्ये १ मे शनिवार आहे, म्हणून संत जोसेफची मिस्सा सकाळी घ्या. संध्याकाळची पुनरुत्थानकाळाच्या सहाव्या रविवारची होईल.

आणखी एक वाट सुचवतो, समित्यांना ती सहसा आठवत नाही. चर्चच्या समर्पणाचा वर्धापनदिन. महागुरूंनी विधिवत समर्पण केलेल्या चर्चमध्ये तो दिवसही त्या चर्चपुरता महोत्सव असतो. भिंतीवरच्या शिळेवर किंवा धर्मग्रामाच्या नोंदवहीत तारीख शोधा. ती सामान्य काळात असली तर जवळच्या रविवारी मोठ्या थाटात घेता येईल, दर वर्षी, उपवासकाळाची अडचण न येता.

लितानी_वाचक:

पुस्तिकेबद्दल. संत जोसेफच्या लितानीला दहावे पायस यांच्या काळात, १९०९मध्ये मान्यता मिळाली. १ मे २०२१ला तिच्यात सात नवे जयघोष घातले गेले. जुन्या पुस्तिकांत ते नसतात. आशय असा: तारणाऱ्याचा राखणदार, ख्रिस्ताचा सेवक, तारणकार्याचा सेवेकरी, अडचणीतला आधार, आणि निर्वासितांचा, पीडितांचा, गरिबांचा आश्रयदाता. छापताना माझे शब्द घेऊ नका, धर्मप्रांताने मान्य केलेलं भाषांतर मागून घ्या. नऊ दिवसांचे विषय आखायचेच असतील तर यातले सात तयारच आहेत. निर्वासित हा शब्द इजिप्तच्या प्रवासातून थेट आला आहे, आणि वसई पट्ट्यात कामासाठी दुरून येऊन राहिलेल्या कुटुंबांना त्या दिवशी खास बोलावता येईल.

मुखपृष्ठावरचं चित्र तपासा. हातात लिली आणि कडेवर बाळ येशू, एवढ्यावरून चित्र उचललं तर पुष्कळदा संत अंतोन येतात. अंतोन फ्रान्सिस्कन झग्यात, कमरेला दोरी, बिनदाढीचे आणि डोक्याचा मधला भाग भादरलेला. जोसेफ दाढीवाले, लिली बहुधा काठीला फुललेली, शेजारी करवत किंवा गुण्या. नावाच्या सारखेपणामुळे संत जोसेफ वाझ यांचं चित्रही येऊ शकतं. ते गोव्यात जन्मलेले आणि श्रीलंकेत सेवा केलेले धर्मगुरू, २०१५मध्ये संत घोषित झाले, त्यांचा दिवस १६ जानेवारी. फलक छापायला जाण्याआधी प्रूफ एखाद्या सिस्टरना दाखवा.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर एक गोष्ट जरूर छापा: चर्च ज्या संताच्या नावाचं त्या दिवशी त्या धर्मग्रामाच्या चर्चला भक्तिभावाने भेट देऊन "आमच्या बापा" आणि विश्वासांगीकार म्हणणाऱ्याला प्लेनरी इंडल्जन्स (पापक्षमेनंतर उरलेल्या शिक्षेची पूर्ण माफी) मिळते. सोबत पापनिवेदन, कम्युनियन, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना, आणि पापाची ओढ सोडण्याची तयारी हवी. त्यामुळे पापनिवेदनाच्या वेळा त्याच पानावर द्या. सणाच्या दिवशी मिस्सेआधी अर्धा तास एकच धर्मगुरू बसवले तर रांग संपत नाही. नोव्हेनाच्या शेवटच्या तीन संध्याकाळी दोघेतिघे बसवा.

मिरवणूक_व्यवस्था:

अवशेषाचा प्रस्ताव इथेच थांबवा. संत जोसेफच्या देहाचे अवशेष चर्चकडे नाहीत. कोणी ऑनलाइन "प्रमाणपत्रासह" विकत असेल तर घेऊ नका, पवित्र अवशेष विकायला कॅनन ११९०ने बंदी आहे. मिरवणूक मूर्तीची काढा. पवित्र साक्रामेंत (ख्रिस्ताचं शरीर मानली जाणारी पवित्र भाकर) आणि संताची मूर्ती एकाच मिरवणुकीत मात्र आणू नका. साक्रामेंताचा आशीर्वाद द्यायचा असेल तर मूर्ती आत जागेवर ठेवून, लोक स्थिर झाल्यावर, वेगळा द्या.

क्रम: धूपदान, क्रूस आणि दोन मेणबत्त्या, मुलं, संघटनांचे झेंडे, गायनवृंद, मूर्ती, तिच्यामागे धर्मगुरू आणि लोक. बँड गायनवृंदाच्या लगेच पुढे ठेवला तर गाणं ऐकूच येत नाही. त्याला झेंड्यांच्याही पुढे पाठवा आणि जपमाळेच्या वेळी थांबवा. धूपाचा कोळसा निघण्याआधी दहा मिनिटं पेटवा, अर्धवट पेटलेला कोळसा वाटेत विझतो.

मूर्ती बैठकीला बोल्टने किंवा पट्ट्याने बांधा, नुसत्या फुलांनी दडवलेल्या सुतळीवर भरवसा नको. प्लास्टरची मूर्ती मानेत आणि हातात तडकते, म्हणून मिरवणुकीसाठी फायबरची किंवा लाकडी हलकी मूर्ती असेल तर तीच न्या. चार खांदेकरी सारख्या उंचीचे, आणि बदलीचे चार शेजारून चालणारे. बदल चालताना नको, ठरलेल्या थांब्यावर. मार्गावर आधी बांबू उभा धरून फिरा: खांद्यावरच्या मूर्तीची जमिनीपासूनची उंची अधिक दोन फूट, एवढी जागा प्रत्येक वायरीखाली हवी. गीतं आणि थांबे धरून एक किलोमीटरला पाऊण तास लागतो. त्यापेक्षा लांब मार्ग घेतला तर वृद्ध मध्येच गळतात आणि मूर्तीमागे माणसं उरत नाहीत.

पोलीस ठाण्याची आणि वाहतूक पोलिसांची परवानगी निदान तीन आठवडे आधी मागा, मांडवासाठी महापालिकेची वेगळी. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद. मार्चात दहावीच्या परीक्षा असतात, म्हणून नोव्हेनाच्या दिवसांत भोंगे बाहेर लावूच नका, आतले स्पीकर पुरतात.

नवसाच्या मेणबत्त्या आणि हार यांची जागा ठरवा. वाळूचे पत्र्याचे ट्रे मूर्तीपासून सहा-सात फुटांवर, मांडवाच्या कापडापासून दूर. मूर्तीला हात लावायला, रुमाल टेकवायला गर्दी होते. ती भक्ती आहे, तिला हटकू नका, एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जाणारी रांग करा. जवळ एक छोटा फलक लावा: मूर्तीला दिलेला मान ज्याची ती मूर्ती आहे त्याला पोचतो आणि आराधना फक्त देवाची. ७८७च्या निकायाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेची शिकवण हीच आहे आणि पाहुण्या शेजाऱ्यांना ती दोन ओळींत कळते.

साक्रिस्ती:

मांडवाचं एक राहिलं. तो रविवारपर्यंत ठेवता येईल. झावळ्यांचा आशीर्वाद चर्चबाहेर करून मिरवणुकीने आत यायचं असतं, त्याला ही जागा उत्तम. फक्त मागचा सणाचा पडदा आणि दिव्यांच्या माळा शनिवारी दुपारपर्यंत उतरवा, आणि ठेकेदाराच्या करारात तसं लिहून घ्या.

सणाच्या दिवशी गावात मयत झाली तर काय, हेही बैठकीत विचारून ठेवा. १९ मार्च तुमच्या धर्मप्रांतात बंधनाचा दिवस नसेल तर अंत्यविधीची मिस्सा नियमाने होऊ शकते. पण वेळ, मांडवातले दिवे आणि बँडची तालीम हे सगळं त्या कुटुंबाच्या सोयीने थांबवावं लागेल, म्हणून निर्णय कोण घेणार ते एक नाव आधी ठरवा. लग्न असेल तर त्या दिवशी विवाहाची मिस्सा घेता येत नाही, विवाहविधी महोत्सवाच्या मिस्सेतच होतो.

वसई_समिती:

ठरतंय असं: १० ते १८ नोव्हेना मिस्सेनंतर मूर्तीसमोर, १९ला संध्याकाळी महोत्सवाची मिस्सा, मिरवणूक आणि मटण-फुग्यांचं (फुगे म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) जेवण, १ मेला सकाळची मिस्सा आणि मेळावा. समर्पणाची तारीख शोधायला नोंदवह्या काढतोय. घोषणेची (देवदूताने मरियेला येशूच्या जन्माचा संदेश दिला, त्या सणाची) तारीख म्हणजे २५ मार्च त्या वर्षी पवित्र गुरुवारी येते, आमच्या सोडॅलिटीच्या (मरियाभक्तांच्या मंडळाच्या) बायका त्या दिवशी कार्यक्रम ठेवतात. त्यांना काय सांगू?

दिनदर्शिका:

तो महोत्सव ईस्टरच्या अष्टकानंतर (ईस्टरपासूनच्या आठ दिवसांनंतर) सोमवारी, ५ एप्रिल २०२७ला जाईल. त्यांना ५ एप्रिलचाच हॉल द्या. आणि तेव्हा आलेलुया असेल, तेही कळवा.